मागचे आवाज

१

सोमवारी सकाळी आम्ही दुसऱ्यांचे रविवार ऐकतो.

आमच्या विभागाचं काम एवढंच. रविवारी सकाळी दहाला मालिका लागते. पाहता पाहता किंवा पाहून झाल्यावर लोक एका नंबरवर फोन करतात, एका मिनिटात आपलं मत सांगतात आणि ते यंत्रात साठून राहतं. सोमवारी मी आणि मास्तर कानांवर हेडफोन चढवून ती मतं टाइप करतो. मी हे आठ वर्षं करते आहे, मास्तर बारा. त्याआधी ते पियानो सुरात लावायचे. आता पियानो नाहीत, म्हणून आमचं बसणं, बोलणं, खोकणं सुरात लावतात. त्यामुळेच त्यांचं नाव मास्तर पडलं.

फॉर्मला तीन रकाने असतात: मत, अंदाजे वय आणि मागचे आवाज. हा तिसरा रकाना जाहिरातवाल्यांसाठी. बोलणाऱ्याच्या मागे मूल रडत असेल, कुत्रं भुंकत असेल, भांडी पडत असतील तर ते लिहायचं. कुणाला काय विकायचं, हे त्यांना त्यावरून कळतं म्हणे. मागे काही नसेल तर आडवी रेघ मारायची.

यंदाची मालिका होती ‘सातवं केंद्र’. एका गाजलेल्या कादंबरीवरून घेतलेली, दहा भागांची. दूर अंतराळात एक निरीक्षण केंद्र, तिथे राहणारी सहा माणसं, आणि बाहेरून त्यांच्यावर नजर ठेवणारं कुणीतरी. ते कुणीतरी शेवटपर्यंत दिसत नाही. कादंबरीत या सहा जणांबरोबर एक मुलगीही आहे, तिथल्या तंत्रज्ञाची लेक. मालिकेत तिला गाळलं होतं. त्यामुळे पहिल्या सोमवारपासून आमच्या कानांवर एकच धोशा: मुलीला का काढलं? पुस्तक वाचलेली माणसं फोनवर फार भांडतात. भांडोत बापडी, मला टाइपच करायचं असतं.

त्याच पहिल्या सोमवारी एक फोन वेगळा निघाला. मध्यमवयीन, सभ्य आवाज. “बाकी ठीक आहे,” तो म्हणाला, “पण त्या मुलीचं काम अप्रतिम. पाय पोटाशी घेऊन बसते, ते किती खरं वाटतं.”

अशांसाठी आमच्याकडे ‘गल्लत’ नावाचा शिक्का आहे. लोक दोन मालिका एकदम पाहतात आणि एकीचं मत दुसरीच्या नंबरवर सांगतात. मी शिक्का मारला. मागचे आवाज: काही नाही. आडवी रेघ.

२

माझी मुलगी तेरा वर्षांची. सतत नखं कुरतडते म्हणून घरात तिचं नाव खार. लाडात असले तर खारूताई, नसले तर कार्टे.

खारीने ती कादंबरी तीनदा वाचलेली होती. मालिकेवर तिचा भयंकर राग. “पुस्तकातली सगळ्यात भारी मुलगीच काढली! आता उरलं काय? सहा काका!” असं म्हणत दर रविवारी दहाच्या ठोक्याला सोफ्यावर हजर. मी स्वयंपाकघरातून मधूनमधून ओरडायची, “तोंडातून बोट काढ!” न बघता ओरडायची. बोट तोंडातच असायचं.

आम्ही दोघीच राहतो. तिचे बाबा जहाजावर. दर शनिवारी त्यांचा चार ओळींचा निरोप तिच्या फोनवर येतो आणि ती तो मला मोठ्याने वाचून दाखवते. एकदा त्यांनी देवमासा पाहिला होता, तो निरोप तिला तोंडपाठ आहे. “बाबांचं शुद्धलेखन काय भारी आहे गं,” ती म्हणते. मी कांदा चिरत ऐकते.

३

सातव्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर माझ्या टेबलापाशी आले. हातात माझे जुने फॉर्म होते. दोन महिन्यांतून एकदा आम्ही एकमेकांचं काम तपासतो, तशी पद्धतच आहे.

“बाई,” ते म्हणाले, “एक विचारू? रागावू नका.”

“विचारा की.”

“रविवारी तुमच्या घरी एवढी माणसं कशाला येतात?”

मी हसले. मास्तर हसले नाहीत.

त्यांनी फॉर्म पसरले. सात आठवड्यांतले एक्केचाळीस फोन. सगळ्यांवर माझा ‘गल्लत’चा शिक्का, सगळ्यांत न दाखवलेल्या मुलीचं कौतुक, आणि सगळ्यांच्या तिसऱ्या रकान्यात माझी आडवी रेघ. “तुमच्या हातून एक रेघ चुकली असती तर मी काही बोललो नसतो,” ते म्हणाले. “पण एक्केचाळीस? या फोनांमागे तर नुसता बाजार आहे. म्हणून मी पुन्हा ऐकले.”

त्यांनी त्यांची यादी माझ्यापुढे ठेवली. मी वाचू लागले.

भिंतीवरचं घड्याळ. दहाचे ठोके देताना नऊ सलग, मग थांबून, विसरलेलं आठवल्यासारखा दहावा. फ्रिज बंद होताना थरथरतो, दारातल्या बाटल्या वाजतात. न्हाणीघरातला नळ, तीन थेंब आणि थांबतो. एक बाई, आतून ओरडते: तोंडातून बोट काढ.

“तुमचा आवाज आहे,” मास्तर हळूच म्हणाले. “मी आठ वर्षं ऐकतोय. आता बघा, शेजारीपाजारी जमवून खोटे फोन करवत असाल, तर माझ्यापुरतं ठेवतो. पण कशाला, तेवढं सांगा.”

मी हेडफोन लावले. एका म्हातारीचा गोड आवाज होता: मुलगी गुणाची आहे हो, अगदी गुणाची. तिच्यामागे मला खरोखर काही ऐकू आलं नाही.

“घड्याळ ऐका,” मास्तर म्हणाले.

आणि मग ऐकू आलं. नऊ. आणि एक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्या घराचे आवाज माणसाला ऐकू येत नाहीत, त्यांनाच आपण शांतता म्हणतो. सात आठवडे मी माझं स्वतःचं घर ऐकत होते आणि काही नाही म्हणून रेघा मारत होते.

“मास्तर,” मी म्हणाले, “रविवारी आमच्या घरी कुणीही येत नाही.”

त्यांनी विश्वास ठेवला, हे त्यांच्या हातांवरून कळलं. यादीचा कागद उगाचच दुमडत बसले होते.

४

मी भित्री नाही, आणि खुळी तर मुळीच नाही. आधी सरळ कारणं शोधली.

कुणीतरी घरात यंत्र लपवलं असेल. खार शाळेत असताना मी विजेच्या प्रत्येक बटणाची पाटी उघडली, सोफा उलटा केला, घड्याळ उतरवून आत पाहिलं. धूळ निघाली. मास्तरांनीच थट्टा केली असेल. पण मास्तर आमच्या घरी कधी आलेले नाहीत, आणि थट्टा त्यांच्या गावीही नाही. फोन कुठून आले, हे यंत्र सांभाळणाऱ्याला विचारलं. त्या एक्केचाळीस फोनांपुढे नंबरच नव्हते. “होतं असं कधीकधी,” तो म्हणाला. त्याच्या खात्यात सगळंच कधीकधी होतं.

पोलिसांकडे जाऊन काय सांगू? माझ्या घरात एक्केचाळीस माणसं आहेत, ती दिसत नाहीत, आणि त्यांना माझी मुलगी आवडते?

मास्तरांनी मात्र एक काम केलं, जे फक्त तेच करू शकले असते. कुठला आवाज किती मोठा, कुठला किती बारीक, यावरून बोलणारा कुठे उभा आहे, हे त्यांनी काढलं. मी त्यांना घराचा नकाशा काढून दिला. त्यांनी पेन्सिलीने त्यावर ठिपके मांडले. पहिल्या आठवड्याचा ठिपका दाराबाहेर, जिन्यावर. तिसऱ्याचे दाराच्या आत, चपलांच्या कपाटापाशी. पाचव्याचे घड्याळाखाली. सातव्या आठवड्याचे नऊ ठिपके त्यांनी काढलेच नाहीत.

“का?” मी विचारलं.

“यांत घड्याळ नीट ऐकूच येत नाही,” ते म्हणाले. “जवळचा आवाज लांबच्याला झाकतो ना. नखं कुरतडल्याचा आवाज आहे, बाई. कानाशीच.”

मी नकाशावर सोफ्याकडे पाहिलं. तिथे मी खारीसाठी छोटासा गोल काढला होता.

५

त्या संध्याकाळी मी कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचलं. ते चार पानांचंच आहे. मुलगी आपल्या जागेवरून उठते, कुणी बोलावलेलं नसताना. दार उघडते आणि जाते. ज्यांनी तिला इतके दिवस पाहिलं त्यांच्याकडे जाते, एवढंच लिहिलं आहे.

“मस्त शेवट आहे ना?” खार म्हणाली.

“भिकार आहे,” मी म्हणाले.

आठव्या रविवारी मी टीव्हीची वायर काढली आणि तिला बागेत घेऊन गेले. दीड तास झोपाळ्यावर बसवून ठेवलं. ती रुसली, मी रुसू दिलं.

सोमवारी मागच्या आवाजांत पक्षी होते, झोपाळ्याची कडी होती. “आज बाहेरचं चित्रीकरण सुरेख झालंय,” एक तरुण म्हणत होता. “पण मुलगी जरा कंटाळल्यासारखी वाटली. तिला तिच्या जागी सोफ्यावरच बसवा.”

म्हणजे पळून उपयोग नव्हता. नवव्या रविवारी मी दुसरं करून पाहिलं. कंटाळा आला की प्रेक्षक उठतो, हे माझं आठ वर्षांचं ज्ञान. खारीला दम भरला: हलायचं नाही, बोलायचं नाही, नखं खायची नाहीत, भूमितीचं पुस्तक घेऊन बसायचं. पोरगी तासभर खांबासारखी बसली.

सोमवारी तेवीस फोन. “किती संयमाने केलंय!” “न बोलता केवढं सांगते ती!” आणि एक बाई, अगदी मायेने, जणू भाचीबद्दल बोलते आहे: “पुढच्या रविवारी शेवटचा भाग ना? पुस्तकातला शेवट बदलू नका हं. शेवटी ती येते, तसंच ठेवा.”

पुस्तकात ती जाते. येते असं कुणी म्हणणार नाही, पलीकडे बसलेला असल्याशिवाय.

मास्तरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो प्याले, तोंड पुसलं आणि जुन्या अहवालांचं कपाट उघडलं.

“काय शोधताय?”

“प्रेक्षक आवडतं माणूस कधी सोडतो, ते.”

संध्याकाळपर्यंत मी आठ वर्षांचे अहवाल चाळले. माझं आठ वर्षांचं ज्ञान अर्धवट निघालं. कंटाळून सोडत नाही. रागावून सोडत नाही. नायिका आजारी पडली, बदलली, मेली, तरी फोन तिच्याचबद्दल येतात. सोडतो तो एकाच वेळी. तिच्याहून भारी कुणी समोर येऊन उभं राहतं तेव्हा. कालपर्यंत जिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, अशी एखादी मावशी, एखादी शेजारीण तोंड उघडते आणि आजवर दडवलेलं खरं सांगते. मग सगळे तिच्याकडे वळतात.

कालपर्यंत कुणी पाहत नव्हतं अशी बाई आमच्या घरात होती. ती स्वयंपाकघरातून ओरडायची.

६

दहाव्या रविवारी मी स्वयंपाकघरात गेले नाही. केस नीट विंचरले, हिरवा चांगला ड्रेस घातला.

“कुठे निघालीस?” खारीने विचारलं.

“कुठेच नाही.”

घड्याळाने नऊ ठोके दिले. मग एक. आता मला सगळं ऐकू येत होतं, नळाचे तीन थेंब, बाटल्या, खारीच्या दाताखालचं नख. त्यापलीकडे काही ऐकू येतं का, म्हणून मी कान टवकारून बसले होते. काहीच नव्हतं. भरलेल्या खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास रोखावा, तितकं काहीच नव्हतं.

मालिका संपायला दहा मिनिटं असताना खारीने आपणहून बोट तोंडातून काढलं. मान वळवून दाराकडे पाहिलं.

“आई, कुणी आलंय का?”

बेल वाजली नव्हती. तिने पाय खाली सोडले. उठली. दोन पावलं टाकली, झोपेतून उठलेल्या माणसासारखी नव्हे, चांगली हसऱ्या चेहऱ्याने.

मी उठून टीव्हीसमोर, खोलीच्या मधोमध उभी राहिले, आणि अगदी शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, “तुझे बाबा जहाजावर नाहीत.”

ती थांबली.

“तीन वर्षं झाली. ते दुसऱ्या घरात राहतात, दुसऱ्या माणसांबरोबर. त्यांचा एकही निरोप आलेला नाही. ते सगळे मी टाइप केलेत. साबणाच्या डब्यात दुसरा फोन आहे, त्यावरून.”

“खोटं बोलतेस तू.”

“डबा उघडून बघ.”

तिने उघडला नाही. तिचा चेहरा हळूहळू लहान होत गेला, चार वर्षांची होती तेव्हासारखा. “देवमासा?” तिने विचारलं.

“देवमासाही मीच.”

मला वाटलं होतं, मी नाटक करीन. पण खरंच रडू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. शनिवारी दुपारी मी कपडे धुण्याच्या निमित्ताने दार लावून कशी बसायचे, ते सांगितलं. दर वेळी हा शेवटचा म्हणायचे. एकदा मला त्यांच्या नावाने ‘आठवण येते’ असं लिहायचं होतं आणि ते लिहिताना मी दोन तास तशीच बसून राहिले होते. हे मी मेलेल्या आईलासुद्धा मनात सांगितलं नव्हतं. माझ्या लेकीची फसवणूक मी तिच्यासमोर आणि त्या सगळ्यांसमोर उघडी केली, एकही गाठ शिल्लक न ठेवता. याची मला लाज वाटत होती आणि तरीही मी थांबत नव्हते.

माझ्यामागे मालिका संपली. संगीत थांबलं. मी वळून पाहिलं. जाहिरात लागण्याआधी पडदा क्षणभर काळा झाला आणि त्यात आमची खोली दिसली. मी, खार, सोफा.

सोफ्यामागे आमचं कपाट आहे. पडद्यात कपाट नव्हतं. गुडघे होते. बसलेल्या माणसांचे गुडघे, त्यांवर ठेवलेले हात, ओळीमागे ओळ, भिंत असायला हवी त्याच्याही मागे. चेहऱ्यांपर्यंत पडदा पोचत नव्हता. सगळे गुडघे खारीच्या दिशेने होते.

पहिल्या ओळीतला एक माझ्याकडे वळला. मग त्याच्या शेजारचा.

मग जाहिरात लागली, कसल्याशा गाद्यांची. खार माझ्या बाजूने धावत गेली, बाहेरच्या दाराकडे नाही, स्वतःच्या खोलीत, आणि तिने दार असं आपटलं की घड्याळ हललं. दार आपटण्याचा आवाज मला जन्मात इतका गोड कधी वाटला नव्हता.

७

सोमवारी बावन्न फोन.

“आईने कमाल केली.” “आम्ही इतके दिवस हिला पाहिलंच नव्हतं.” “मुलीचं काम कमी केलंत ते बरं केलंत.” ती मायाळू बाईही होती: “पुस्तकाहून वेगळा शेवट केलात, पण आवडला हो. आईला आता सोडू नका.”

मी एकेक टाइप केला. ‘गल्लत’चा शिक्का मारला नाही. खार माझ्याशी बोलत नव्हती. सकाळी डबा न घेताच शाळेला गेली होती. बोलेल कधीतरी. ती माझ्यावर रागावून घरी आहे, यातला घरी हा शब्द मला पुरत होता.

अकराच्या सुमारास मास्तर एकदम ताठ बसले. मालिका संपली होती, नंबर बंद झाला होता, तरी यंत्रावरचा दिवा लागला. एक नवा फोन साठत होता. त्यांनी ऐकला. मग हेडफोन न काढताच तिसऱ्या रकान्यात लिहायला लागले. मी वाकून वाचलं.

मागचे आवाज: टाइपिंग. खुर्ची करकरते. पन्नाशीचा पुरुष, खोकतो.

मास्तरांना खोकला झालेला आहे. गेला आठवडाभर.

“बाई,” ते कुजबुजले, “हे इथे आलेत.”

“माहीत आहे.”

“तुमच्या पाठीशी.”

“असू देत. इथे आहेत म्हणजे तिथे नाहीत.”

मानेवर गार काही जाणवत होतं, ते खोटं सांगत नाही. पण मी मागे वळले नाही. प्रेक्षकाकडे वळून पाहिलं की त्याची मजा जाते, आणि त्याची मजा जाऊन मला चालणार नव्हतं. मला आता एकच करायचं होतं, कंटाळवाणं व्हायचं नाही. खार सज्ञान व्हायला पाच वर्षं आहेत. घरून निघताना मी मनाशी उजळणी केली होती. आजवर कुणाला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे अकरा आहेत. काही लहान आहेत. दोन फार मोठ्या आहेत, त्या शेवटी काढीन. जपून वापरल्या तर पुरतील, नाही पुरल्या तर नव्या करीन.

मी पाठ सरळ केली, केस कानामागे सारले, आणि मागच्या ओळीपर्यंत पोचेल असा आवाज लावला.

“मास्तर,” मी म्हणाले, “ते हेडफोन काढा. तुम्हाला एक गोष्ट सांगते.”